जुना पॉवर टिलर चालता करणें

दोन चाकांचा लहान ट्रॅक्टर, ज्यास आपल्याकडे पॉवर टिलर म्हणतात, तो धानाच्या बांध्यांत मोठ्या ट्रॅक्टरपेक्षां सोयीचा पडतो. बांधी लहान, धुरे अरुंद आणि चिखल खोल. तेथें जड यंत्र रुततें व वळतांना धुरा मोडतें. बंगळूर येथें १९६७ सालीं निघालेल्या व्हीएसटी कंपनीनें मित्सुबिशीच्या, व केरळांत १९७३ सालीं निघालेल्या काम्को ह्या सरकारी कंपनीनें कुबोटाच्या सहकार्यानें हीं यंत्रें आपल्या देशांत बनविलीं. त्यांचे जुने नग आतां गोठ्याच्या कडेस पडलेले आढळतात.

आमगावच्या बाजूस आम्हीं असाच एक नग घेतला. बैलजोडी आधींच विकली होती; रोवणीपूर्वीं तो चालणें भाग होतें. विकणारानें आमच्यादेखत एका हँडलांत इंजिन सुरू केलें आणि आम्ही भुललों. तें अगोदरच तापवून ठेवलें होतें, हें मागाहून कळलें. घेणारानें सकाळीं, इंजिन थंड असतांनाच, तें सुरू करावयास लावावें.

पहिलें काम म्हणजे गिअरपेटीचें व रोटरीचें तेल काढून पाहणें. तें ताकासारखें पांढरट निघाल्यास आंत पाणी शिरलें असें समजावें. आमचें तसेंच निघालें. चिखलणींत रोटरीचा दांडा सतत पाण्याखालीं असतो. त्यावरील रबरी सील झिजलें, कीं चिखल आंत व तेल बाहेर. आम्हीं आळसानें केवळ नवें तेल भरलें. चार बांध्या होतात न होतात तोंच तें पुन्हां पांढरें झालें व बेअरिंग खडखडूं लागलें. दुरुस्तींत ऐन पावसाचे दिवस गेले. एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोवावयाचे पऱ्हे महिन्यावर गेले, आणि फुटवे कमी आले. सील बदलतांना दांड्यावर जुन्या सीलनें पाडलेली खांच नखानें चाचपावी; खांच असल्यास नवें सीलही गळतें.

बरेच दिवस पडून पिस्टन जाम झाला असेल, तर हँडलास नळी लावून जोर करूं नये. इंजेक्टर काढून त्या भोकांतून थोडें रॉकेल व तेल सोडावें, दोन दिवस थांबावें, मग चाक हातानें मागेंपुढें हलवावें. सुटल्यावर भोंक उघडें ठेवूनच इंजिन फिरवावें, म्हणजे आंतलें तेल बाहेर पडेल. डिझेलची टांकी धुवून, फिल्टर बदलून, नळींतील हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढावी. रोटरीचीं पातीं डावीं व उजवीं अशीं असतात. सोडण्यापूर्वीं खडूनें खूण करावी.

नव्या माणसाचा हात चुकतो तो उतारावर. सपाटीवर डाव्या मुठीचा क्लच दाबला, कीं डावें चाक सुटतें व यंत्र डावीकडे वळतें. उतारावर मात्र तेंच सुटलेलें चाक अधिक वेगानें धावतें आणि यंत्र उजवीकडे जातें! म्हणून धुऱ्यावरून उतरतांना तो क्लच दाबूंच नये. पहिल्या गिअरमध्यें, मुठी रेटून वळवावें. मागें घेतांना रोटरी बंद असलीच पाहिजे, नाहींतर पाय तिच्यांत सांपडतो.

आमच्या यंत्राचा पट्टा अद्याप घसरतो. तो रब्बीपूर्वीं बदलावयाचा आहे.