लॉगबुकच्या तीन ओळी

मी भिलाईत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते, आणि माझा मुलगा आपल्या शाळेत सातवीत कॅडेट आहे. म्हणजे मुलांची खबर घरी पोचवण्याचं काम मी रोज करते आणि स्वतःच्या मुलाची खबर येण्याची वाटही पाहते. या दोन्ही बाजूंनी जे शिकले ते इथे मांडते आहे. पालकांनी वाचावंच, पण कॅडेट मित्रांनो, तुम्हीही वाचा. शेवटचा भाग तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी सहामाहीची प्रगतिपत्रकं वाटली. सातवीतल्या एका मुलाला गणितात ८० पैकी १९ गुण होते. त्याचे वडील पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर कामाला. रात्रपाळी सकाळी सहाला सुटते. ते घरी न जाता शाळा उघडायची वाट पाहत फाटकाशी थांबले होते, हेल्मेट हातातच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. जुलैपासून वही अपुरी आहे, गृहपाठ होत नाही, विचारलं की खाली बघतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला जुलैपासून माहीत होतं. मला आज कळलं. आमच्या भट्टीत काही बिनसलं तर पुढच्या पाळीला आठ तासांच्या आत कळतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाळी बदलताना काय होतं

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू ठेवतात. माणसं मात्र दिवसातून तीनदा बदलतात: सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. त्या गृहस्थांनी मला समजावलं की पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला तीन गोष्टी सांगतो आणि लॉगबुकात लिहितो. काय झालं, काय राहिलं आणि कशावर नजर ठेवायची. त्यात कुणाचं कौतुक नसतं आणि कुणावर राग नसतो. येणाऱ्याला काम पुढे नेता यावं, एवढ्यासाठीच ते लिहायचं असतं.

मूलही रोज एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जातं. दुपारपर्यंत ते शाळेच्या ताब्यात असतं, नंतर घराच्या. आमच्यात सोपवणूक अशी होतच नव्हती. प्रगतिपत्रक येतं तेव्हा सहा महिन्यांचा हिशेब संपलेला असतो आणि घराच्या हातात रागावण्याखेरीज काही उरत नाही.

पहिली ते आठवीच्या मुलांसाठीचा शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्यं दिली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणं हेही आहे. म्हणजे वडिलांचा तो प्रश्न कायद्यालाही धरून होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रगतिपत्रक हे शाळा आणि घर यांच्यातला दुवा व्हावं, त्यात मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापनही असावं, असं सांगितलं आहे.

सहावीपासूनच का?

पाचवीपर्यंत बहुधा एकच बाई बहुतेक विषय शिकवतात. त्यांना मुलाचा डबासुद्धा माहीत असतो. सहावीत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. प्रत्येकाला मुलाचा एक तुकडा दिसतो, पूर्ण मूल कुणालाच दिसत नाही. त्याच सुमारास मूल घरी कमी बोलू लागतं. आणि त्याच सुमारास बीजगणित येतं, तेव्हा "मला काही आता यातलं जमत नाही" म्हणून पालकही मागे सरतात. तिन्ही गोष्टी एकदम घडतात. सैनिकी शाळेत तर सहावीला मूल घरातूनच बाहेर पडतं.

निरोप कोणत्या वाटेने जातो

निरोप पाठवला म्हणजे तो पोचला असं नाही, हे छत्तीसगडने करोनाच्या वर्षी पाहिलं. ७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने 'पढई तुंहर दुआर' ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू केली. छत्तीसगढी बोलीत याचा अर्थ 'शिक्षण तुमच्या दारी'. पण कित्येक दारांत मोबाइल नव्हता, असला तर नेटवर्क नव्हतं. मग शिक्षकांनी वाटा शोधल्या. कुठे मोहल्ल्यात झाडाखाली वर्ग भरले, कुठे लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले. 'बुलटू के बोल' नावाच्या उपक्रमात धड्यांच्या ध्वनिफिती इंटरनेटशिवाय ब्लूटूथने एका मोबाइलवरून दुसऱ्यावर दिल्या. ब्लूटूथला इकडे बुलटू म्हणतात. घराकडे जी वाट आहे त्याच वाटेने निरोप गेला पाहिजे, हे मी त्यातून घेतलं.

माझ्या वर्गातल्या घरांकडे कोणती वाट होती? व्हॉट्सॲपचा गट होता, पण त्यात सूचनांचा इतका ढीग पडायचा की आपल्या मुलाविषयीचं काही त्यात आहे का, हे कुणी शोधत नसे. शिवाय भट्टीवर कामाच्या वेळी कुणी मोबाइल पाहत बसत नाही. रोज घरी नक्की पोचणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मूल. म्हणून लॉगबुक मुलाच्याच हातात दिलं.

तीन ओळी कशा लिहायच्या

साधी चाळीस पानी वही. तास संपायच्या आधी पाच मिनिटं मूल स्वतः लिहितं. त्या मुलाच्या वहीतल्यासारखा एक नमुना देते:

झालं: अपूर्णांकांचा भागाकार. उदाहरणं १ ते ६ वर्गात केली.
राहिलं: ७ ते १०. सोमवारची दोन.
नजर: भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करायला विसरतो.

मी फिरत फिरत बघते आणि खूण करते. घरी जे कुणी असेल ते, आई, आजी, मोठी बहीण, खाली वेळ घालून सही करतं. शनिवारी मी प्रत्येक वहीत माझी एक ओळ लिहिते. बेचाळीस मुलांच्या बेचाळीस ओळींना तासभर लागतो. गुण त्यात कधीच लिहीत नाही. 'हुशार आहे', 'आळशी आहे' हेही नाही. अशा शब्दांवर घरी काही करता येत नाही. 'सोमवारची दोन उदाहरणं राहिली' यावर आज संध्याकाळीच करता येतं.

हे पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं असं समजू नका. पहिल्या महिन्यात निम्म्या सह्या न वाचता केलेल्या होत्या आणि दोन-तीन तर मुलांनीच ठोकल्या होत्या. त्याहून वाईट गोष्ट दिवाळीच्या आधी कळली. एका मुलीची आई येऊन म्हणाली, "बाई, 'राहिलं' हा शब्द दिसला की हिचे बाबा हात उगारतात. आता ती काही राहिलंच नाही असं लिहिते." मी खबर पोचवायला दिलेल्या वहीची छडी झाली होती. मी पालकांना बोलावून घेतलं आणि नियम बदलला. 'राहिलं' या ओळीपुढे 'कधी करीन' हे मूलच लिहील. पालकांनी फक्त ती वेळ झाली का ते बघायचं. जे मूल खरं 'राहिलं' लिहितं त्याला त्यासाठी बोलणी बसणार नाहीत, घरीही नाही आणि वर्गातही नाही. गटावर गृहपाठ न करणाऱ्यांची यादी टाकणं मीही त्या दिवसापासून बंद केलं.

घराने काय करायचं, काय नाही

पालक विचारतात, "आम्हाला गणित येत नाही, मग आम्ही काय मदत करणार?" याचं उत्तर दिलासा देणारं आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ साली मिडल स्कूलच्या टप्प्यावरच्या पालकांच्या सहभागाविषयीची ५० संशोधनं एकत्र तपासली. अभ्यासाचं मोल मुलाला सांगणं, पुढच्या स्वप्नांबद्दल बोलणं, अभ्यास कसा करावा याच्या युक्त्यांवर चर्चा करणं, या गोष्टींचा मुलांच्या यशाशी सर्वांत चांगला संबंध दिसला. गृहपाठ करून देण्यात किंवा करवून घेण्यात तसा फायदा दिसला नाही. तेव्हा उदाहरण पालकांनी सोडवायचं नाही. वेळ, जागा आणि विचारपूस मात्र त्यांनी सांभाळायची.

वेळ पाळीप्रमाणे ठरवा. वडिलांची दुसरी पाळी असेल तर ते रात्री दहाला सुटतात. त्या आठवड्यात वही सकाळी दाखवायची, हे आधीच ठरलेलं असावं. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपतात, तेव्हा दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मुलाने मोठ्याने पाठांतर करायचं नाही, लिहून सराव करायचा. पाळी बदलली की वेळ बदलेल, पण वेळच नाही असं होऊ द्यायचं नाही.

विचारपूस कशी करायची? पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, "आज काय शिकलास ते मला समजावून सांग." यामागेही शास्त्र आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिलेला उतारा सुमारे ५६ टक्के आठवला, पुन्हा वाचलेला ४२ टक्के. मुलं वाचत बसतात आणि येतंय असं त्यांना वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं. समोर बसलेल्या आजीला अपूर्णांक येत नसले तरी चालेल. उलट तिने "म्हणजे काय रे?" असं विचारलं की नातवाला आपलं कुठे अडतं ते लगेच कळतं.

त्या १९ गुणांच्या मुलाचं काय झालं? तो पहिला वगैरे आला नाही. वार्षिक परीक्षेत ८० पैकी ४१ मिळाले. पण मार्चमध्ये त्याच्या 'राहिलं' या ओळीपुढे बहुतेक दिवस शून्य होतं, आणि ते खरं होतं.

कॅडेट मित्रांनो

आता तुमचं. माझा मुलगा सहावीत इथे आला तेव्हा मी बेचाळीस घरांना खबर पोचवणारी शिक्षिका होते. तरी रविवारच्या फोनवर मी त्याला काय विचारत होते? "जेवलास का? बरा आहेस ना?" तो म्हणायचा, "हो. सगळं ठीक." दोन महिने हेच. मग एका रविवारी मला माझीच वही आठवली आणि मी विचारलं, "या आठवड्यात काय राहिलं?" थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "फळ्यावरचं उतरवून घ्यायचं राहतं. मागून नीट दिसत नाही. प्रेपच्या वेळी मित्राची वही मागतो." मी त्याच दिवशी त्याच्या हाऊस मास्टरांना फोन केला. डोळे तपासले, चष्मा लागला. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. चष्मा लागला तर पुढे सैन्यात घेणार नाहीत, अशी भीती त्याच्या मनात बसली होती. ती भीतीही 'सगळं ठीक' या दोन शब्दांखाली दबून राहिली होती.

तुम्ही रोज रोल कॉल देता. 'सगळे हजर' असं खोटं सांगणारा कॅडेट आपल्याला चालत नाही. मग घरी दिलेली खबरही तशीच खरी असावी. रविवारी फोनवर बोलण्याआधी तीन ओळी लिहून ठेवा: काय झालं, काय राहिलं, कशावर नजर ठेवायची. 'राहिलं' सांगण्यात कमीपणा नाही. तुमच्या आईवडिलांना तिथून तुमचं गणित सोडवता येणार नाही, पण पुढच्या रविवारी "ते झालं का?" एवढं विचारता येईल, आणि गरज पडली तर वेळेवर एक फोन करता येईल.

पालकांनो, तुम्हीही फोनवर आधी जेवणाचं विचारा, ते विचारल्याशिवाय आपल्यालाही चैन पडत नाही. पण त्यानंतर 'काय राहिलं' हे विचारा आणि उत्तर आलं की रागावू नका. एकदा रागावलात की पुढचे सहा महिने "सगळं ठीक"च ऐकू येईल.