रबराच्या झाडाची कुंडी बदलताना

मेघालयातील खासी लोक ओढ्यांवर जिवंत पूल तयार करतात, ते फायकस इलॅस्टिका या झाडाच्या हवाई मुळांपासून. आपल्या व्हरांड्यातील कुंडीत रबराचे झाड म्हणून वाढते, ते हेच! अशी जोमदार मुळे कुंडीत किती दिवस मावणार? तळाच्या छिद्रातून ती डोकावू लागली, की कुंडी बदलायला हवी.

मग एकदम दुप्पट मोठी कुंडी का घेऊ नये? मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. फार मोठ्या कुंडीत मुळांभोवती पुष्कळ जादा माती असते. तेथील पाणी शोषायला मुळेच नसतात. पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहतात आणि मुळे गुदमरून कुजतात. म्हणून नवी कुंडी ५ ते ७ सेंटिमीटरच अधिक रुंद घ्या. तिला तळाशी छिद्र हवेच.

दुसरा धोका मूलरोमांना. पाणी शोषणारे हे सूक्ष्म रोम ओढाताणीत तुटतात. पाने मात्र बाष्प सोडतच राहतात. मिळकत घटली, खर्च तेवढाच! मग झाड मान टाकते. यासाठी आदल्या दिवशी पाणी द्या. दोघांनी मिळून कुंडी आडवी करा आणि मातीच्या गोळ्यासह झाड अलगद सरकवा. पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. नव्या कुंडीत लावल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा. खताची घाई नको.

आता शेंड्याकडे रोज पाहा व वहीत नोंद करा. लालसर आवरणातून नवे पान उलगडले, की झाड रुजले समजा.