अर्ध्या वाटेवरून परतलेला सेवक

बहुतेक मंडळ्यांत असा एखादा मनुष्य असतो, जो एके काळीं उपासनेस पुढें बसत असे, मुलांस शास्त्रपाठ शिकवीत असे, आणि आतां दाराशीं बसतो किंवा येतच नाहीं. कोणाच्या हातून वर्गणीचे पैसे खर्च झाले, कोणी पुन्हां दारूकडे वळला, कोणी गांवकऱ्यांच्या भीतीनें प्रभूचें नांव नाकारलें. अशा मनुष्यास पश्चात्ताप झाला म्हणजे त्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात: देव मला पुन्हां घेईल काय? आणि मंडळी मला पुन्हां घेईल काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपण वारंवार ऐकितों. दुसऱ्याचें उत्तर मार्काच्या चरित्रांत सांपडतें. तें आज आपण पाहूं.

१. पिर्गा येथें काय घडलें

मार्क म्हटलेला योहान हा यरुशलेमांतील एका विश्वासू घरचा मुलगा. त्याची आई मरिया हिच्या घरीं बंधुजन प्रार्थनेस जमत, आणि तुरुंगांतून सुटलेला पेत्र रात्रीं त्याच दारीं आला (प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १२). पुढें बर्णबा व शौल, म्हणजेच पौल, यांनीं मार्काला अंत्युखियास नेलें आणि पहिल्या सुवार्ताफेरींत मदतीस घेतलें. सलमीनपासून पफेपर्यंत त्यांनीं सारें कुप्र बेट तुडविलें. नंतर तारवांतून समुद्र ओलांडून ते पंफुल्यांतील पिर्गा येथें गेले. ह्या नगराचे अवशेष आज तुर्कस्तानांत, अंताल्या शहराजवळ, पाहावयास मिळतात. उत्तरेस तोरस पर्वताच्या रांगा आहेत आणि पुढची वाट त्या पर्वतांतूनच होती. येथेंच मार्क आपल्या सोबत्यांस सोडून यरुशलेमास परत गेला (अध्याय १३).

तो कां गेला हें लूकानें लिहिलें नाहीं, म्हणून आपणही तर्क करूं नये. एवढें मात्र स्पष्ट आहे कीं, पौलानें त्यास साधें घरीं परतणें मानिलें नाहीं. अर्ध्या कामांत साथ सोडणें मानिलें.

२. दोघां थोर सेवकांचा मतभेद

यरुशलेमांतील सभा सुमारें इ. स. ४९ च्या वेळची मानितात. तिच्यानंतर पौलानें पूर्वींच्या मंडळ्यांस पुन्हां भेट देण्याचें ठरविलें. मार्कालाही न्यावें असें बर्णबाचें मत पडलें; पौलास तें पटलें नाहीं. वाद इतका वाढला कीं दोघे एकमेकांपासून वेगळे झाले. पौल सीलास घेऊन सूरिया व किलिकिया ह्या प्रांतांकडे गेला, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला (अध्याय १५).

येथें पौलास निष्ठुर म्हणूं नये. मागच्या फेरींत लुस्त्र येथें लोकांनीं त्याला दगडमार करून, मेला असें समजून, नगराबाहेर ओढून टाकिलें होतें. अशा वाटेवर डळमळणारा सोबती नेणें त्याला धोक्याचें वाटलें, यांत नवल नाहीं. परंतु बर्णबाची दृष्टि वेगळी होती. पूर्वीं खुद्द शौल यरुशलेमास आला तेव्हां शिष्य त्याला भीत होते, आणि त्याला प्रेषितांकडे नेऊन त्याच्याबद्दल बोलणारा बर्णबाच होता (अध्याय ९). पौल ज्या दारानें आंत आला, तेंच दार बर्णबानें मार्कासाठीं उघडें धरिलें.

३. बर्णबानें काय केलें

नवा गोऱ्हा नांगर पाहून बसला, तर शहाणा शेतकरी त्याला लागलाच बाजारांत नेत नाहीं. जाणत्या बैलाशेजारीं तो त्याला जुंपतो आणि हलक्या रानांत थोडी नांगरट करवून घेतो. बर्णबानें तसेंच केलें. कुप्र ही त्याची स्वतःची जन्मभूमि, आणि मार्काच्या पायांखालून गेलेली वाट. तेथें त्यानें मार्काला एकटें धाडिलें नाहीं. स्वतः बरोबर गेला.

येथें एक भेद ध्यानांत धरावा. क्षमा हें देवाचें दान आहे आणि पश्चात्ताप करणाऱ्यास तें त्याच घटकेस मिळतें. परंतु माणसांचा विश्वास दिवसामागून दिवस कामानेंच परत येतो. हे दोन निराळे आहेत हें न ओळखल्यामुळें एखादी मंडळी पतितास कायमचा बाहेर ठेविते, आणि दुसरी एखादी दुसऱ्याच दिवशीं पैशाची थैली त्याच्या हातीं देऊन त्याला पुन्हां मोहांत टाकिते.

४. पुढें काय झालें

सुमारें दहाबारा वर्षांनीं पौल बंदिवासांतून कलस्सैकरांस पत्र लिहितो, तेव्हां मार्क त्याच्याजवळ आहे; आणि तो तिकडे आला तर त्याचें स्वागत करावें असें पौल त्या मंडळीस सांगतो. फिलेमोनास लिहिलेल्या पत्रांत मार्काचें नांव सहकाऱ्यांत आहे. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रांत देमास सोडून गेल्याचें दुःख सांगून लगेच पौल मार्काला घेऊन येण्यास कळवितो, कारण सेवेंत तो उपयोगी आहे. एके काळीं सोडून गेलेला मनुष्य, दुसरा सोडून गेला त्या वेळीं हवासा वाटला!

पेत्रही आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटीं मार्काला पुत्र म्हणतो. तीन वेळां प्रभूला नाकारून ज्याला क्षमा मिळाली, त्याला मार्काचें मन कळलें असेल. दुसऱ्या शतकांतील पपियस ह्या मंडळीपुढाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि त्याच्या तोंडून ऐकिलेलें त्यानें लिहून ठेविलें. मार्काच्या नांवानें चालत आलेल्या शुभवर्तमानांत पेत्राचें नाकारणें झांकलेलें नाहीं. आणि रिकाम्या कबरेपाशीं स्त्रियांस जो निरोप मिळाला, त्यांत शिष्यांबरोबर पेत्राचें नांव मुद्दाम वेगळें घेतलें आहे. हें इतर तीन शुभवर्तमानांत नाहीं.

५. आपणांस बोध

जो पडला आहे त्यानें आपली चूक झांकूं नये, आणि दुसऱ्याचें नुकसान केलें असल्यास जक्कयाप्रमाणें भरून द्यावें. पूर्वींचें मानाचें स्थान मागूं नये. सतरंजी घालणें, दिवा पुसणें, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, असें जें लहान काम मिळेल तें आनंदानें करावें. मार्कही पुन्हां निघाला तो बर्णबाचा सोबती म्हणूनच.

मंडळीनें केवळ तोंडानें क्षमा केली असें म्हणून थांबूं नये. त्याच्याबरोबर चालणारा एक मनुष्य नेमून द्यावा. आणि आपल्यांतील जे पौलासारखे सावध आहेत, त्यांनीं पौलाचा दुसरा गुणही घ्यावा. त्यानें एकदां नको म्हटलें, परंतु तें मत तो जन्मभर धरून बसला नाहीं. दाराशीं बसणाऱ्या त्या भावाविषयीं आपण जें मत पूर्वीं बनविलें, तें आज पुन्हां तपासून पाहिलें आहे काय?

घरच्या उपासनेंत विचारावयाचे प्रश्न

१. क्षमा मिळणें आणि पुन्हां विश्वास संपादन करणें यांत काय भेद आहे?

२. बर्णबानें मार्काला कुप्रासच कां नेलें असावें?

३. आपल्या मंडळींत जो येईनासा झाला आहे, त्याच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?