सायनसच्या ऑपरेशनचे हत्यार : एक दांडा, तीन कामे



‘नाकात मास वाढले आहे, दुर्बिणीने ऑपरेशन करावे लागेल, मशीन वापरू’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरचे लोक पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात. तो विचारलाच पाहिजे. पण ते मशीन काय करते आणि ते कोण कसे धुते, हेही आपल्याला माहीत असावे. या वेळी त्याबद्दल समजून घेऊ.

सायनस म्हणजे काय?

सायनस हा आजार नाही. आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या हाडांत असलेल्या पोकळ्यांना सायनस म्हणतात. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर अशा त्या असतात. त्यांना आतून ओलसर अस्तर असते आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. हे केस शेंबूड ढकलत ढकलत एका लहान तोंडाकडे नेतात आणि तो नाकात उतरतो. हे तोंड सुजेने किंवा मास वाढल्याने बंद झाले, की आत घाण साचते. मग डोके जड होते, गाल दुखतो, वास येत नाही, घशात घट्ट शेंबूड उतरतो.

गालातल्या सायनसचे तोंड तळाशी नसून वर असते. जुन्या काळी डॉक्टर ओठाखालून गालाचे हाड फोडून आत जात आणि पाणी खाली वाहून जावे म्हणून तळाला नवे भोक पाडत. पण ते बारीक केस शेंबूड वरच्या मूळ तोंडाकडेच नेत राहतात. ऑस्ट्रियातील ग्राझ शहरातले डॉ. मेसरक्लिंगर यांनी हे बारकाईने दाखवून दिले. तेव्हापासून विचार बदलला. मूळ तोंड मोकळे करायचे आणि चांगले अस्तर जपायचे. यालाच आज दुर्बिणीचे सायनस ऑपरेशन म्हणतात.

एकच हात मोकळा

ही दुर्बीण म्हणजे साधारण चार मिलिमीटर जाडीची कांडी. तिच्यातून लख्ख दिसावे अशी काचेच्या दांड्यांची रचना इंग्लंडचे शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास शोधली. पण दुर्बीण धरायला सर्जनचा एक हात कायमचा गुंततो. बाकी सगळे काम उरलेल्या एका हाताने करायचे. त्यातही नाक म्हणजे रक्ताने भरलेली जागा. थेंबभर रक्त काचेवर आले तरी पडद्यावर लाल अंधार होतो. मग चिमटा बाहेर काढा, सक्शनची नळी आत घाला, रक्त ओढा, नळी काढा, पुन्हा चिमटा घाला. आम्ही नर्स म्हणून ट्रॉलीजवळ उभ्या असताना ही देवाणघेवाण एका ऑपरेशनमध्ये कितीतरी वेळा होते.

म्हणूनच एका दांड्यात अनेक कामे बसवण्याची गरज पडली. अस्तर सोडवणाऱ्या पट्टीतच सक्शनची वाट केली. रक्त थांबवण्यासाठी डागणाऱ्या हत्याराला सक्शन जोडले. सर्वांत मोठा बदल केला मायक्रोडिब्रायडरने, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘मशीन’ किंवा ‘शेव्हर’ म्हणतात त्याने. अमेरिकेत जॅक अर्बन यांनी १९६९ मध्ये अशा हत्याराचे पेटंट घेतले. ते कानाच्या आतल्या गाठीसाठी होते. पुढे १९९४ मध्ये सेटलिफ आणि पार्सन्स या डॉक्टरांनी ते सायनससाठी कसे वापरायचे ते मांडले.

त्याची रचना सोपी आहे. बाहेर एक पोकळ नळी, तिच्या टोकाजवळ बाजूला खिडकी. आत दुसरी नळी गरगर फिरते, तिला धार असते. सक्शन वाढलेले मास खिडकीत ओढते, धार ते कापते, पाण्याची बारीक धार ते धुऊन नळीतून बाहेर नेते. ओढणे, कापणे, धुणे ही तिन्ही कामे एकाच हाताने होतात. जुना चिमटा मास ओरबाडून काढायचा, त्याबरोबर चांगले अस्तरही फाटायचे. नीट वापरले तर हे हत्यार तेवढेच मास काढते.

हत्याराला डोळे नसतात

सायनस आणि डोळा यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते. वरच्या बाजूला मेंदू असतो. खिडकीत आलेले मास आहे, की डोळ्याभोवतीची चरबी किंवा स्नायू, हे मशीनला कळत नाही. जे ओढले जाईल ते कापले जाते, तेही क्षणात. म्हणून ऑपरेशनआधी सीटी स्कॅन काढतात. तो म्हणजे सर्जनचा नकाशा. मशीन कितीही नवे असले तरी नकाशा आणि सवयीचा हात यांना पर्याय नाही.

नळी आतून कोण धुणार?

साधा चिमटा उघडून घासता येतो. पोकळ नळीच्या आत मात्र रक्त आणि मासाचे कण अडकतात. रक्त वाळण्यापूर्वी नळीतून पाणी सोडावे लागते, बारीक ब्रशने आतून घासावे लागते, मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करावे लागते. आत घाण राहिली तर वाफेचाही भरवसा नाही. एका हत्यारात जितकी जास्त कामे, तितके त्यात कानेकोपरे जास्त. म्हणून हत्यार बनवणाऱ्याने सर्जनच्या सोयीबरोबर ते धुणाऱ्याचाही विचार करायला हवा. भाग सुटे करता येतात का, ब्रश आरपार जातो का, हे पाहायला हवे.

शेव्हरची पाती पुष्कळदा एकदाच वापरायची असतात. तशा पाकिटावर वर्तुळात इंग्रजी दोनचा आकडा आणि त्यावर तिरपी रेघ असते. याचा अर्थ, दुसऱ्यांदा वापरू नये. बिलात नवे पाते लावले असेल तर त्याचे पाकीट दाखवा म्हणणे हा आपला हक्क आहे.

ओटीत हत्यारे धुणारे हात अनेकदा आपल्याच वस्तीतल्या मावशींचे आणि मामांचे असतात. त्यांना जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि कावीळ ‘ब’ची लस मिळालीच पाहिजे. आपल्या घरातले कोणी हे काम करत असेल तर आजच विचारा : लस झाली का? झाली नसेल तर रुग्णालयाच्या इन्चार्ज सिस्टरकडे लेखी मागणी करा.

ऑपरेशनला ‘हो’ म्हणण्याआधी विचारा

१. त्रास बारा आठवड्यांपेक्षा जास्त आहे का? नाकातला स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे नीट करून पाहिले का? (पाणी उकळून थंड केलेलेच घ्यावे.)

२. सीटी स्कॅनमध्ये काय दिसले, ते आम्हाला दाखवून सांगाल का?

३. मास पुन्हा वाढू शकते का? ऑपरेशननंतर किती वेळा तपासणीला यायचे?

४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन या रुग्णालयात होते का? हे आरोग्यमित्राकडे विचारा. कर्ज काढण्याआधी विचारा.

मात्र डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, तापाबरोबर असह्य डोकेदुखी झाली, किंवा मधुमेही माणसाच्या नाकातून काळसर घाण आली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर उत्तर देतात. हे चार प्रश्न एका कागदावर लिहून केसपेपरसोबत ठेवा आणि शेजारच्या घरालाही द्या.