कुलूप आणि कैदी

बाजारात कुलूप घेताना त्यावर एक आकडा दिसतो. ६, ७, ८ असा. दुकानदार म्हणतो, "हे सात लिव्हरचं, जरा महाग पडेल." हे लिव्हर म्हणजे काय, ते आधी पाहू.

कुलपाच्या पोटात पातळ पट्ट्या असतात. त्या लिव्हर. किल्लीचे दाते या पट्ट्या उचलतात. प्रत्येक पट्टी ठरल्या उंचीवर आली, तरच आतली खिटी सरकते. एक जरी पट्टी कमीजास्त उचलली, तरी कुलूप उघडत नाही. पट्ट्या जास्त, तेवढी चोराची पंचाईत जास्त.

इंग्लंडात पोर्ट्समथ नावाचे बंदर आहे. १८१७ साली तिथल्या सरकारी गोदीत चोरी झाली. चोरांनी खोट्या किल्ल्या वापरल्या होत्या. तेव्हा सरकारने बक्षीस लावले. अस्सल किल्लीवाचून उघडणार नाही असे कुलूप करा! जेरेमाया चब या कारागिराने १८१८ साली तसे कुलूप केले. त्यात एक खुबी होती. कोणी आत तार घालून पट्टी जादा उचलली, की ती वरच अडकून बसे. मग मालकाची किल्लीही फिरत नसे. मालक काय ते समजे. कोणीतरी हात लावला होता!

त्या काळी तिथे जुन्या जहाजांवर कैदी ठेवीत. त्यांत एक कुलपे करणारा निघाला. तो म्हणाला, मी हे उघडतो. सरकारने त्याला कुलूप दिले, हत्यारे दिली. उघडलेस तर सुटका, वर शंभर पौंड. बिचारा दोन-तीन महिने झटला. शेवटी त्याने हात टेकले. आम्हाला त्या कैद्याची कीव येते. पलीकडे घर, आणि मध्ये एवढेसे लोखंड.

पुढे १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. तिथे हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. त्याने चबचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामा यांचे दुसरे नामांकित कुलूप होते. त्याला मात्र ५१ तास लागले. लोक रागावले. म्हणाले, हा चोरांना शिकवतो. हॉब्जचे म्हणणे, चोरांना ते आधीच ठाऊक असते, ठाऊक नसते ते मालकाला. आम्हाला हे पटते. कारण त्यानंतर कारखानदार जागे झाले आणि कुलपे सुधारली.

आपल्या मुंबईत आर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. ते आधी वकील होते. पुढे तिथे तिजोऱ्याही होऊ लागल्या.

आता कोयंड्याचे. आमच्या आळीत एका घरी चोरी झाली. दाराला सात लिव्हरचे नवे कुलूप होते. पण कोयंडा जुना, चौकट किडलेली. चोराने पहारीने कोयंडाच उपटला. सकाळी आम्ही पाहायला गेलो. कुलूप अंगणात पडले होते, बंदच्या बंद.