पांढऱ्या पानांचा जपानी मेपल

गेल्या सहामाही परीक्षेनंतर नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें दिनदर्शिकेवरील एक चित्र आम्हांस आणून दाखविलें. चित्रांत कमरेइतक्या उंचीचें एक झुडूप होतें. त्याचीं पानें निम्मीं हिरवीं व निम्मीं पांढरीं असून कडेस किंचित् गुलाबी छटा होती. "सर, हें झाड आजारी आहे काय? आणि तें आपल्या अंगणांत लागेल काय?" असे दोन प्रश्न तिनें विचारिले. दोन्ही प्रश्न चांगले आहेत. म्हणून त्यांचीं उत्तरें येथें देतों.

हें झाड जपानी मेपल होय. जपान व कोरिया हा त्याचा मूळ मुलूख. जपानी लोक त्यास 'मोमिजी' अथवा 'काएदे' म्हणतात. दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ 'बेडकाचा हात' असा आहे, आणि पान पाहिलें म्हणजे तो तत्काळ पटतो. स्वीडिश वैद्य थुनबर्ग हा 1775-76 सालीं जपानांत होता. त्यानें मात्र मनुष्याच्या तळहातावरून त्यास शास्त्रीय नांव दिलें. जपानी माळ्यांनीं शेंकडों वर्षें निवड करून याचे नाना प्रकार जतन केले आहेत. आज जगांतील बागांत ते हजाराहून अधिक आहेत. चित्रविचित्र पानांच्या ठेंगण्या प्रकारांत एकाचें नांव 'उकिगुमो', म्हणजे तरंगते मेघ. दुसरा 'बटरफ्लाय' नांवाचा. त्याच्या इवल्याशा पानाची दुधाळ कड शरद ऋतूंत किरमिजी होते.

आतां पहिला प्रश्न. पानाच्या पांढऱ्या भागांत हरितद्रव्य नसतें. म्हणून सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करणें त्या भागास साधत नाहीं. शेजारचा हिरवा भाग जें अन्न करितो त्यावरच त्याचें पोषण होतें. हा रोग नव्हे. कोंबाच्या टोंकाशींच दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढत असतात. एकींत हरितद्रव्य होतें, दुसरींत होत नाहीं. त्यामुळें झाड सावकाश वाढतें, आणि ठेंगणें राहण्याचें हेंही एक कारण आहे. बीं पेरल्यास असलीं पानें येतील अशी आशा व्यर्थ होय. साध्या हिरव्या मेपलच्या रोपावर कलम बांधूनच हे प्रकार टिकवितात.

असलें एक झाड आम्हीं स्वतः वाढविलें व घालविलें. हिमालयाच्या उतारावरील एका गांवीं कांहीं वर्षें आमचें अध्यापन चाललें होतें, त्या वेळची ही हकीकत. दोन वर्षांत झाड जेमतेम वीतभर वाढलें. तिसऱ्या वसंतांत खोडाच्या मध्यावरून एक निखळ हिरवा कोंब सरळ वर निघाला. त्याचा जोम पाहून आम्हांस फार आनंद झाला. घरांतील मंडळींनीं तो कापण्यास सुचविलें. आम्ही पदवीधर असल्यामुळें ऐकिलें नाहीं! सर्व पानें अन्न करणारीं, मग त्या कोंबाची वाढ कोण रोखणार? पांचव्या वर्षीं पांढऱ्या फांद्या त्याच्या सावलींत एकामागून एक वाळल्या. मग कात्री हातीं घेतली, परंतु तेव्हां हिरवा भाग कापणें म्हणजे सारें झाडच कापणें होतें.

असा कोंब दिसतांच तो जेथून निघाला तेथून, मुळाशीं बुंधा न ठेवितां, काढावा. कलमाच्या सांध्याखालून फुटलेले कोंबही तसेच काढावे. ते तर मूळ रोपाचेच असतात. झाडास सकाळचें कोंवळें ऊन द्यावें. दुपारच्या उन्हानें व कोरड्या वाऱ्यानें पांढऱ्या कडा प्रथम करपतात. मुळें उथळ असल्यामुळें माती पालापाचोळ्यानें झांकावी, पण तो खोडास भिडूं देऊं नये. माती ओलसर असावी. पाणी मात्र सांचतां कामा नये. खत बेताचेंच घालावें. नत्राचा मारा केल्यास ज्या हिरव्या कोंबांची आपणांस भीति, तेच अधिक माजतात. कुंडींत झाड उत्तम राहतें. दोन-तीन वर्षांनीं पानगळीनंतर, नवे डोळे फुगण्यापूर्वीं, कुंडी बदलावी.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थिनीस आवडणार नाहीं. या झाडास हिंवाळ्यांत कांहीं आठवडे खरी थंडी लागते. त्या काळांत तें पानें टाकून निजतें व त्या निद्रेवांचून पुढील वसंतांत नीट फुटत नाहीं. आपल्या दख्खनच्या पठारावर ती थंडी मिळत नाहीं, आणि वैशाखांतील ऊन पानें जाळून टाकितें. पालकांनीं विकत आणण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. हौसेनें आणिलेलें रोप एक-दोन उन्हाळ्यांत गेलें म्हणजे मुलांस आपल्या हातूनच कांहीं चुकलें असें वाटतें.

तथापि हिरवा कोंब पांढऱ्यास कसा मागें टाकितो हें पाहण्यास जपान गांठावयास नको. शाळेच्या फाटकाजवळ पांढऱ्या कडांच्या पानांची बोगनवेल आहे. तिच्या उजव्या अंगास गेल्या महिन्यांत एक निखळ हिरवी फांदी निघाली असून ती इतरांच्या हातभर वर गेली आहे. विद्यार्थिनीस आम्हीं ती दाखविली आहे; कात्री माळीबोवांपाशीं मिळेल.