बीपीची गोळी बंद, बीपी वाढवायचं औषध सुरू: असं का?

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये आईला कोरोना झाला आणि रामटेकहून नागपूरला हलवावं लागलं. ती बऱ्याच वर्षांपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन घेते. आयसीयूत आधी ती गोळी बंद केली आणि मग पंपावर बीपी वाढवायचं औषध लावलं. आई बरी झाली, गोळी पुन्हा सुरू आहे, पण मला कोडं सुटलेलं नाही. ज्या बीपीला इतकी वर्षं खाली आणत होतो, तोच वाढवायचा? त्या गोळीमुळे कोरोना वाढतो असंही तेव्हा ऐकलं होतं. पुढे कधी ताप आला तर गोळी घरीच बंद करावी का?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : आई त्या एप्रिलातून सुखरूप घरी आली, हे वाचून फार बरं वाटलं. तुम्ही विचारलेलं कोडं जगभरच्या डॉक्टरांनाही पडलं होतं.

त्याच्या मुळाशी अँजिओटेन्सिन-2 नावाचं संप्रेरक आहे. बीपी उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, आणि एसीई नावाचं विकर त्या तुकड्यापासून अँजिओटेन्सिन-2 बनवतं. हे विकर फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर भरपूर असतं. अँजिओटेन्सिन-2 रक्तवाहिन्या आवळतं, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं आणि बीपी वर येतो. टेल्मिसार्टन त्याला रक्तवाहिनीवर काम करू देत नाही.

याच संप्रेरकाला आवर घालणारं दुसरं विकर म्हणजे एसीई-2. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो नेमका त्यालाच धरून. बीपीच्या या गोळ्यांनी एसीई-2 वाढत असेल तर विषाणूला आयतंच दार मिळेल, अशी शंका मार्च 2020 मध्ये मांडली गेली आणि घरोघरी पसरली. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 13 मार्चलाच ‘पुरावा नाही, गोळ्या थांबवू नका’ असं सांगितलं होतं. पुढे ब्राझीलमध्ये दवाखान्यात दाखल झालेल्या 659 रुग्णांवर हे तपासलं. त्यांचा आजार सौम्य ते मध्यम होता. निम्म्यांची गोळी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली. निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे तुम्ही ऐकलं होतं ते खरं ठरलं नाही.

उलट बाजूची आशाही मोठी होती, आणि ती उगाच नव्हती. 2005 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की सार्सच्या विषाणूमुळे एसीई-2 घटतं, अँजिओटेन्सिन-2 माजतं आणि फुप्फुस सुजतं. चीनमध्ये 2013 साली एच7एन9 बर्ड फ्लू आला, तेव्हा ज्या रुग्णांच्या रक्तात हे संप्रेरक जास्त, त्यांचा आजार गंभीर आणि मृत्यूही अधिक, असं आढळलं. मग ते अडवलं तर माणसं वाचतील का? भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत 787 कोरोनाग्रस्तांवर हे पाहिलं. त्यातले जवळजवळ सगळे भारतातले होते. काहींना टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी दिली, काहींना औषध नसलेली. चौदाव्या दिवशी दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती. आपल्या देशातल्या रुग्णांनी आजारपणात चाचणीला संमती दिली म्हणून हे कळलं, याचं मोल मला फार वाटतं.

अत्यवस्थ रुग्णांचं चित्र मात्र वेगळं निघालं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा रुग्णांना या गोळ्या नव्याने सुरू केल्या होत्या. गोळी न दिलेल्यांपैकी शंभरात सुमारे 79 जण वाचले; दोन प्रकारच्या गोळ्या दिलेल्या गटांत 72 आणि 70. नुकसानाची चिन्हं दिसताच ती चाचणी आधीच थांबवावी लागली होती.

आईचं उत्तर इथे आहे. आजार टोकाला गेला की रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतो, मूत्रपिंडाला आणि मेंदूला रक्त पुरत नाही; यालाच शॉक म्हणतात. शरीर जिवाच्या आकांताने रेनिन सोडत राहतं. त्यात फुप्फुसाचं अस्तरच जखमी असेल तर रेनिन पुष्कळ असूनही अँजिओटेन्सिन-2 पुरेसं बनत नाही. मेंदूतून येणारं व्हासोप्रेसिन हे दुसरं आवळणारं संप्रेरक, लांबलेल्या शॉकमध्ये त्याचाही साठा आटतो. अशा वेळी उरल्यासुरल्या संप्रेरकाची वाट अडवणारी गोळी सुरू ठेवणं धोक्याचंच. म्हणून ती थांबवतात आणि पंपावर बहुधा नॉरअ‍ॅड्रेनालिन लावतात. सरासरी दाब 65 च्या वर ठेवायची धडपड असते. अँजिओटेन्सिन-2 हेच औषध म्हणून शिरेतून द्यायला अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मंजुरी मिळाली आहे. वर्षानुवर्षं चढलेला बीपी रक्तवाहिन्या खराब करतो, शॉकमधला उतरलेला बीपी काही तासांत जीव घेऊ शकतो. डॉक्टरांनी त्या घडीला मोठं संकट कोणतं ते ओळखलं.

पुढे साधा ताप-खोकला आला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर बीपी उसळू शकतो, आणि हृदय अशक्त असेल तर त्यावर ताण येतो. पण उलट्या-जुलाब होत असतील, पाणीही पोटात ठरत नसेल, उठताना भोवळ येत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा बीपी नेहमीपेक्षा बराच खाली असेल, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. धाप लागली तर फोनवर वेळ न घालवता थेट रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. सोबत गोळ्यांची पाकिटं घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते पोहोचल्याबरोबर सांगा.